पांढरा की काळा?

विश्राम गुरुजींची साठी साजरी होते आहे, त्यांच्याविषयी चार शब्द सांगा, असा मंडळाचा निरोप आला. मी दुसरी शिकलेली. म्हणून मी सांगते आहे आणि माझी सून शांता लिहून घेते आहे.

गुरुजी धुळ्याहून बदलून यावलजवळच्या आमच्या गावी आले. पहिल्यांदा दिसले ते नाल्याकाठी, एका पुरुषभर उंच झाडाची साल खरवडून चाखताना. मी म्हटलं, "गुरुजी, बकरीना वाटा खाई राहिनात का?"

ते हसले. "अक्का, या झाडाशी ओळख नाही. फूल नाही, शेंग नाही. मग कोवळं पान आणि साल यांनाच विचारायचं."

"कुडा शे तो," मी ऐटीत सांगितलं.

"पांढरा की काळा?"

"कुडा म्हंजे कुडा."

त्यांनी वाद घातला नाही. एक पान तेवढं वहीत ठेवलं.

पुढच्याच महिन्यात शांता बाळंतीण असताना तिला रक्ती आव लागली. गावात काढा माझाच. त्याच झाडाची साल मी चार दिवस उकळून पाजली. पोरीचं पार चिपाड झालं. गुरुजी विचारपूस करायला आले, डब्यातला सालीचा तुकडा त्यांनी दाताखाली धरला आणि मला गोठ्यात बोलावून घेतलं. वहीतलं पान दाखवलं; वाळून काळं पडलं होतं.

"अक्का, हा काळा कुडा. साल गुळगुळीत, कडूपणा नावाला. आवेला लागतो तो पांढरा. त्याची साल खरबरीत, खपल्या निघतात, आणि कडू जहर."

ओसरीवर बसलेल्या बायकांपुढे त्यांनी एक अक्षर काढलं नाही. भर उन्हात टेकडीवर जाऊन पांढऱ्याची साल आणली, आणि सायकल मारत जाऊन सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही आणले.

शांता उठली. बायका म्हणाल्या, अक्कांच्या हाताला गुण आहे. गुरुजी शेजारीच होते, म्हणाले, "आहेच." पुढे कित्येक वर्षं लोक काढ्यासाठी माझ्या दारी आले आणि मी तो मान फुकटचा घेतला. वर 'गुरुजी झाडं चाटतात' म्हणून त्यांची टवाळीही केली. याची मला लाज वाटते.

इथे शांताची लेखणी थांबली. "आत्याबाई, माले तवयच समजनं व्हतं. चार दिन काढा गुळमट, पाचव्या दिनले कडू. पेणारी तं मीच व्हती."

"मंग बोलनी का नहीस?"

"गुरुजी बोलनात नहीत, मी कशी बोलू?"

हेही लिही, म्हटलं.

गुरुजींचे डोळे, दात आणि पाय धड राहोत, त्यांनी शंभरी पाहावी. सत्कार आटोपला की आमच्या नाल्यावर यावं आणि चारचौघांदेखत मला तोच प्रश्न पुन्हा विचारावा. या खेपेला मी चाखून सांगेन.