घट कोणी फोडायचा?

आमच्या जळगाव कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये चहा सांगितला की तो येईपर्यंत एक किस्सा आणि पिऊन होईपर्यंत दुसरा, अशी रीतच होती. अशाने किस्से साठणार नाहीत तर काय होणार! माझ्या वाट्याला आलेले बहुतेक माझ्याच फजितीचे. जिंकलेल्या केसेस आपल्याशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाहीत. फजिती मात्र बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गावाला पाठ असते.

मी नाना वकिलांच्या हाताखाली नवीनच लागलो होतो. घटस्फोटाचा नवा कायदा आला तेव्हा नानांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "हे तू बघ. मला लग्न टिकवण्याचा अनुभव आहे, मोडण्याचा नाही."

झालं! मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो. दारावरच्या पाटीवर नावाखाली ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, 'घटस्फोटाची कामे केली जातील.' वकिलाने अशी जाहिरात करायची नसते हे नानांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर रंग वाळला होता.

पाटी वाचून पहिले आले ते पिंप्राळ्याचे एक आबा. नवरात्र चार दिवसांवर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "घट आमचा आम्ही आणायचा, का तुमच्याकडं मिळतो?"

मी त्यांना बसवून कलमांसकट सगळा कायदा समजावला. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही घट बसवत नाही, संसार उठवता! राम राम!"

*

त्याच वर्षी धुळ्याहून एक गृहस्थ मला बघायला आले. म्हणजे मुलीसाठी. मी इस्त्रीचा कोट घालून, पुस्तक उघडं ठेवून, विचारमग्न चेहरा करून बसलो होतो. ते पायरीपर्यंत आले, पाटी वाचली आणि तिथूनच मागे फिरले. मध्यस्थाला म्हणाले, "अहो, ज्याचं पोट लग्नं मोडण्यावर, त्याच्या घरी पोरगी कशी देऊ?"

नाना आठवडाभर हसत होते. "शाब्बास! ना नोटीस, ना तारीख. तुझं पहिलं लग्न तू एका पाटीवर मोडलंस!"

*

आणि मग कौतिकबाई आली. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातली, तिशीची, अंगानं काटक. नवऱ्यानं, झिपरूनं, सहा वर्षांपूर्वी दुसरी बाई धरली आणि हिला भावाकडे हाकललं. त्यांच्यात काडीमोडीची चाल होती. पंचांसमोर नवऱ्यानं गवताची काडी मोडली की बाई मोकळी. पण हा काडी मोडेना! वर दर बाजाराच्या दिवशी पिऊन भावाच्या दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, "मनी बायको शे! कोन मले आडावस?" म्हणजे माझी बायको आहे, मला कोण अडवतो! गल्ली ऐकायची. ही मागच्या खोलीत कडी लावून बसायची.

"भाऊ, मले काही नको त्याच्याकडून," ती म्हणाली. "फक्त त्यानं 'मनी' म्हणनं बंद करायले पाहिजे."

मला खरंच गलबलून आलं. पण तज्ज्ञाने गलबलायचं नसतं, म्हणून मी घसा साफ करून म्हणालो, "काडीमोडीची गरजच नाही. आपण कोर्टातून घटस्फोट घेऊ."

तिनं जरा विचार केला. "घट कोनता लागतो? मातीना का पितळना?"

मी हसलो. मान वर न करता, अर्जाचा मसुदा लिहिता लिहिता म्हणालो, "ते कोर्ट बघेल हो, बाई!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

*

झिपरू धुळ्याकडचा, दोघांचा संसार तिकडेच झालेला, म्हणून अर्ज धुळ्याच्या कोर्टात. चाळीसगावला गाडी बदलून मी पोचलो, ते सगळं भाषण पाठ करूनच. पक्षकाराच्या वतीने 'मी, मला' बोलायची वकिलांना खोड असते. उभा राहिलो आणि धडाधड सुरू झालो, "साहेब, मला नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी टाकलं. मी भावाच्या दारात दिवस काढते आहे..."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, आपलं लग्न झालंय?"

"नाही साहेब."

"मग टाकायची घाई कोणाला झाली?"

कोर्टातला शिपाईसुद्धा तोंडात उपरणं कोंबून हसत होता. कौतिकबाई तेवढी हसली नाही. तिच्या मते मी अगदी बरोबर बोललो होतो.

*

झिपरूच्या उलटतपासणीसाठी मी बेचाळीस प्रश्न काढले होते. पहिला विचारणार, तेवढ्यात न्यायाधीशांनीच त्याला विचारलं, "काय रे, तू दुसरी बाई ठेवलीस हे खरं?"

झिपरूचा अपमान झाला. छाती काढून म्हणाला, "नही सायेब! तिनीच मले ठेवेल शे! घर तिनं, भाकर तिनी!"

म्हणजे घरही तिचं आणि भाकरही तिचीच. संपलं. केस त्यानंच जिंकून दिली. माझे बेचाळीस प्रश्न कोटाच्या खिशात घडी घालून परत जळगावला आले.

*

निकाल मिळाला त्या दिवशी मी शिक्क्याचा कागद कौतिकबाईच्या हातात दिला. "झालं! झाला घटस्फोट!"

"झाया?" तिनं कागद पाहिला, कोर्टाकडे पाहिलं, आणि पायरीवर जाऊन बसली. तासभर उठेना. मला वाटलं, बिचारीला भरून आलंय. मी आपला लांब उभा राहिलो, स्वतःवर खूष होत.

महिन्याभरानं ती भावाला घेऊन जळगावला आली. चेहऱ्यावर तेज होतं. भाऊच सांगू लागला. बाजाराच्या दिवशी झिपरू परत आला. तेच, "मनी बायको शे!" भावानं पंचांना बोलावून कागद दाखवला. झिपरूनं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "हाई कागद मले काय सांगस?" पंचांनीही तो नुसता हातोहात फिरवला. तेव्हा मागच्या खोलीची कडी निघाली. कौतिकबाई पाण्यानं भरलेला घट घेऊन बाहेर आली आणि भर गल्लीत तिनं तो त्याच्या पायाशी आपटला! खापऱ्या थेट पंचांच्या जोड्यांपर्यंत गेल्या. झिपरू भिजलेल्या धोतरानं जो गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

माझा चेहरा पडला. नानांनी पुस्तकामागे तोंड लपवलं होतं.

कौतिकबाई माझी समजूत घालत म्हणाली, "वाईट वाटू देऊ नका, भाऊ. तुम्ही बठ्ठं बराबर करं. कोर्ट तेवढं घट फोडानं ईसरी गयं. तासभर वाट पाही मी. मग मीच फोडी टाका."

मग तिनं पिशवीतून एक कोरा मातीचा घट काढला, पदरानं पुसला आणि माझ्या टेबलावर, कायद्याच्या पुस्तकावर ठेवला.

"हाऊ ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पुढनी बाईसाठे."