आधी पोट, मग मन

धायरीच्या दवाखान्यातली प्रेमला नर्स म्हणजे जिभेची भारी गोड. इंजेक्शन देताना ती असं काहीतरी विचारायची, की माणूस उत्तर शोधेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. अशा बाईला वरच्यांनी बुधवार पेठेत शिकायला पाठवलं. काय शिकायचं, तर पोटाचा आणि मनाचा संबंध. दर शनिवारी वर्ग भरायचा. नर्सा, वैद्य, नवे डॉक्टर, सगळे शाळेतल्या पोरांसारखे बाकांवर.

शिकवणाऱ्या सुनीती मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काळजीनं भूक मरते, पोटात कळा येतात. ते सोंग नसतं, खरंच दुखतं. पण आधी पोट तपासायचं, मग मन विचारायचं. क्रम उलटा करायचा नाही."

प्रेमलाला त्यातलं मन तेवढं फार आवडलं. नवी विळी आणली की दिसेल ते चिरावंसं वाटतं ना, तसं. कुणी मुरडा म्हणून आलं, की ही स्टूल ओढून समोर बसलीच. बाया हसायच्या, "पोट बिघडलंय व्हय? जा प्रेमलाबाईकडं. आधी सासूचं नाव इचारतील!"

म्हाताऱ्या बायडाबाईला मात्र तिचा खरंच गुण आला होता. लेकानं, संपतनं, विहिरीकडचं शेत बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि म्हातारीचं अन्न तुटलं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. प्रेमलानं शेताचं विचारलं, तशी ती पोटभर रडली आणि घरी जाऊन जेवली.

शेवटच्या शनिवारी परीक्षा होती. प्रत्येकानं आपला एक पेशंट आणायचा आणि वर्गासमोर त्याच्याशी बोलायचं. प्रेमला पास झाली, तर अशा बायांसाठी दवाखान्यात वेगळी खोली तिच्या हाती येणार होती. तिनं बायडाबाईला रिक्षात घातलं.

सिंहगड रोडच्या प्रत्येक खड्ड्याला म्हातारी ओठ चावत होती.

"मावशी, दुखतंय का?"

"न्हाई गं. बरं हाय."

"एवढ्या लोकांपुढं बोलायचंय, म्हणून पोटात गोळा आला असेल. लांब श्वास घ्या."

म्हातारीनं श्वास घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

वर्गात पंखे गरगरत होते. पहिल्या बाकावर पेठेतले श्रीधर वैद्य बसलेले. ते शेजाऱ्याला म्हणाले, "रडून पोट बरं होत असतं, तर पुण्यात एवढे दवाखाने चालले नसते." प्रेमलानं ऐकलं आणि आणखी ताठ बसली. शेताचं विचारलं. बायडाबाई सांगू लागली: विहीर, आंबा, लेकाचा तुटक बोल. मॅडम मान डोलवत होत्या. वैद्यबुवांनीसुद्धा पुढं वाकून कान दिला होता. सगळं कसं छान चाललं होतं.

पण म्हातारीचा हात पदराखाली होता. उजवीकडं, खाली, गच्च दाबलेला. गुडघा पोटाशी ओढलेला. शेताचं सांगताना ती छाती धरायची, हे प्रेमलानं आधी पाहिलं होतं. आज छातीकडं हात गेलाच नाही. कपाळाला घाम होता, पंख्याखाली.

प्रेमलाच्या तोंडातला प्रश्न तिथंच वाळला. आता थांबलं, तर क्रम उलटा केला हे सगळ्यांना कळणार. खोली गेली. नाही थांबलं, तर?

तिनं मावशीचा हात धरला. कढत लागला.

"मॅडम, थांबते. मी आज यांचं पोट तपासलेलंच नाही."

म्हातारीला टेबलावर निजवलं. प्रेमलानं हात ठेवला, तर पोट फळीसारखं कडक. हात उचलताच बायडाबाई किंचाळली.

"अपेंडिक्स दिसतंय," मॅडम म्हणाल्या, "आणि उशीरही झालाय."

सगळ्यात आधी उठले ते वैद्यबुवा. "माझी गाडी खाली आहे. भाषणं नंतर करा."

दगडूशेठच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी सरकत होती. मागच्या सीटवर म्हातारीचं डोकं प्रेमलाच्या मांडीवर. "मावशी, डोळे मिटू नका. बोला काहीतरी. मला शिव्या द्या."

"शिव्या कशाला," म्हातारी पुटपुटली, "पास झालीस का?"

ऑपरेशन संपेपर्यंत प्रेमलाला पाण्याचा घोटही उतरला नाही. मनाचा आणि पोटाचा संबंध तिला पुस्तकात कळला नसेल एवढा हॉस्पिटलच्या त्या बाकड्यावर कळला. निरोप मिळून धावत आलेला संपत समोर उभा होता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचल्या.

दुसऱ्या दिवशी ती धीर करून खाटेपाशी गेली.

"मावशी, कधीपासून दुखत होतं?"

"आदल्या रातीपासनं."

"मग बरं हाय का म्हणालात?"

"तुझी परीक्षा हुती ना! मी न्हाई आले, तर कुणाला नेली असतीस? आन् एकटी तूच तर इचारतीस."

प्रेमलाला रडू आलं, तशी म्हातारी डाफरली, "आता तू रडू नगंस. टाके हायेत, हसू येतंय मला."

मॅडमनी तिला नापास केलं, पुढच्या वर्गाला पुन्हा बसायला सांगितलं. खोली लांबली. प्रेमला मुकाट्यानं बसणार होती.

डोळे पुसून तिनं आधी टाक्यांवरची पट्टी पाहिली. पोटावर अलगद हात फिरवला, कुठं दुखतं ते विचारलं. पोट मऊ होतं. मग स्टूल ओढलं.

"ते कापून काढलं बाई," बायडाबाई दारात उभ्या संपतकडं बघत म्हणाली. "शेताचं हाय अजून तिथंच."

"सांगा," प्रेमला म्हणाली, आणि संपतलाही बसायला दुसरं स्टूल दिलं.