मशीननं शालनला ओळखलं नाही

हे मी आजवर माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण मलाही माहीत नाही. ऐका.

गेवराईजवळच्या एका जिनिंगच्या गेटवर मी हजेरी घेते. कापसाच्या कामानं बायकांची बोटं घासून गेलेली, अंगठा उमटेना. म्हणून मालकानं नवं यंत्र आणलं. डोक्याला पट्टा लावायचा. तो एका कानामागच्या हाडात बारीक गुणगुणतो आणि दुसऱ्या कानामागं तोच आवाज टिपतो. प्रत्येकाच्या कवटीतून तो निराळा होऊन निघतो म्हणे. बसवणाऱ्या माणसानं बजावलं होतं, "हाडाला जबर मार लागला, तर मात्र ओळखायचं नाही."

शालन माझ्या चुलतभावाची, दत्ताची बायको. तिला कामाला मीच लावलं होतं. हसरी, रांगेत उभ्या उभ्या मुकादमाची नक्कल करायची. एका सोमवारी तिला पट्टा लावला आणि लाल दिवा लागला. पुन्हा लावला — लाल. सारखा करताना माझं बोट तिच्या कानामागं टेकलं. तिथं सुजून टरारलं होतं. ती कळवळली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"आक्का, मशीन मला कावून वळखंना, ते सायबाला सांगा की," ती हळूच म्हणाली.

ती काय मागत होती, कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं. तिच्या तोंडून निघत नव्हतं, ते माझ्या तोंडून निघावं — एवढंच. तेवढ्यात साहेब आले, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "पट्टा सैल झालता." मग तिची जुनी नोंद पुसली आणि त्या दुखऱ्या हाडाचा आवाज नवा म्हणून भरला. हिरवा दिवा लागला. शालन आत गेली.

दत्ताची भीती वाटली का? छे — मला तो कधी उलटून बोललेला नाही. घरातली गोष्ट गेटवर यायला नको, हेच डोक्यात होतं. आमच्या घरातली.

थोड्या दिवसांनी पुन्हा लाल. या वेळी ती मान खाली घालून उभी राहिली. मी पुन्हा पुसलं. आता हात सरावला होता.

त्यानंतर ती आली नाही. जिन्यावरून पडली, डोक्याला लागून गेली, असं दत्तानं सांगितलं. पोलीस जिनिंगवरही आले. आधी कधी मारहाणीची खूण दिसली होती का, त्यांनी मला विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

यंत्रात तिची एकच नोंद होती. धडधाकट हाडाचा तिचा पहिला आवाज आता कुठंच नव्हता.

इथं थांबता आलं असतं मला. पण —

यंदा दत्तासाठी मुलगी बघायला आष्टीकडं गेलो. पोहे झाल्यावर मुलीच्या आईनं मला आत नेलं, माझा हात घट्ट धरला.

"आक्का, तुमी बी बाईमाणूस. खरं सांगा, माणूस कसा हाय?"

बाहेरून दत्ताचं हसणं ऐकू येत होतं. मुलगी दाराआड उभी होती, कान देऊन.

"लई चांगला हाय," मी म्हणाले.

लग्न वैशाखात झालं.