शनिवारचा जिना

आधी नाव लिहितो, मग काय झालं ते. फ्राऊ ब्रेंडले. स्टुटगार्टमध्ये चढावरच्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर राहणाऱ्या विधवा बाई. कोळशाची शेगडी पेटवायला मला त्यांनी शिकवलं, पोलिसांकडच्या आनमेल्डुंगचा, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा, कागद त्यांनी भरून दिला, तापात सूप त्यांनीच आणून दिलं. उपकार मोठे, म्हणून माझी लाजही मोठी.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी लेथवर होतो. मालकांनी जर्मनीहून मशीन आणलं. ते बसवायला आलेल्या फिटरनं माझा हात पाहिला आणि वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव सुचवलं. स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. वडिलांनी, आप्पांनी, हार घातला आणि म्हणाले, "साहेब होऊनच ये." आई मागं उभी होती. गाडी हलायच्या बेताला ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "तिकडं कुणी विचारलं तर आई घरीच असते म्हण."

आई घरी नसायची. ती आमच्याच शाळेत झाडलोट करायची. शाळा का सोडली असं कुणी विचारलं की मी 'परिस्थिती' म्हणून सांगतो. खरं असं की वर्गातली पोरं मुद्दाम कागद फाडून बाकाखाली टाकायची आणि माझ्याकडं बघून हसायची.

इथं आलो तेव्हा लढाई संपून तेरा-चौदा वर्षं झाली होती, तरी आमच्या गल्लीत दोन घरांच्या जागी नुसते खड्डे होते. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक लाकडी पाटी अडकवली. मला जर्मन वाचता कुठं येत होतं! दारावर टांगलंय म्हणजे शुभच असणार, नव्या भाडेकरूचं स्वागत असणार, असं मी धरून चाललो. रोज फडक्यानं पुसायचो. दसऱ्याला झेंडू मिळेना, तेव्हा कसलीशी पिवळी फुलं तिला वाहिली. तीन आठवडे पाटी हलली नाही आणि तीन आठवडे जिना झाडला गेला नाही. घरातली माणसं माझ्या 'ग्र्युस गॉट'ला, तिथल्या नमस्काराला, उत्तर देईनाशी झाली. माझं काय चुकलं, या काळजीनं मला जेवण जाईना.

शेवटी एका शनिवारी फ्राऊ ब्रेंडले बादली आणि ब्रश घेऊन दारात उभ्या राहिल्या. फुलं पाहून आधी पोट धरून हसल्या. मग खाणाखुणांनी समजावलं. ही केरवोखं. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा तो आठवडा. जिना, तळघराची वाट, बाहेरचा फुटपाथ त्यानं झाडायचा, पुसायचा आणि पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. खालच्या मजल्यावरचे डॉक्टरसुद्धा यातून सुटत नाहीत.

"वरून खाली, हेर माने," गुडघ्यांवर बसून त्या दाखवू लागल्या; हेर म्हणजे त्यांच्याकडं श्रीयुत. "खालून वर नाही. नाहीतर स्वतःच्याच कामावर पाय द्याल."

पुढं भाषा थोडी आली तेव्हा त्यांनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे जिने नसतात का?"

"असतात. पण तिकडं बहिणी आहेत."

"जा, जा! इथं बहिणी नाहीत. इथं शनिवार आहे."

मी शिकलो. हात चांगला बसला. पण घरी लिहिलेल्या एकाही पत्रात या जिन्याचा उल्लेख नाही.

ट्रेनिंग संपलं, कारखान्यानं ठेवून घेतलं. एके दिवशी ट्राममध्ये मराठी कानावर पडली. पुण्याचे देशपांडे आणि त्यांचे एक मित्र, दोघंही इथं डॉक्टरेट करणारे. मी मशीनच्या कारखान्यात आहे म्हटल्यावर त्यांनी मला इंजिनिअर समजून 'मानेसाहेब' म्हणायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं नाही. कानाला बरं वाटत होतं.

त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं, आणि नेमका तो माझा आठवडा निघाला. फ्राऊ ब्रेंडलेंनी आपल्या चांगल्या बश्या आणून दिल्या, वर म्हणाल्या, "पाहुणे रोज येत नाहीत. तुम्ही तुमच्या मसुराकडे बघा, जिना मी करते."

पाहुणे आले तेव्हा त्या आमच्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून पायरी घासत होत्या. मी दार उघडलं. देशपांड्यांनी त्यांना वळसा घातला आणि हसत म्हणाले, "वा, मानेसाहेब! गोरी बाई ठेवलीत कामाला? हे पुण्यात कुणाला खरं वाटायचं नाही."

मीही हसलो. म्हणालो, "ठेवलीय झालं. करते बिचारी."

हे मराठीत होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी काही राहिलं असतं. पण जेवून पाहुण्यांना पोचवायला उतरलो तेव्हा त्या अजून खालच्या पायऱ्या पुसत होत्या. देशपांड्यांच्या सिगारेटची राख ओल्या पायरीवर पडली, आणि मी, साहेब, फ्राऊ ब्रेंडलेंना बोटानं ती जागा दाखवून म्हणालो, "हिअर आउख, बिटं." इथं पण, जरा.

त्यांनी वर पाहिलं. माझं बोट पाहिलं, पाहुण्यांचे बूट पाहिले. राख पुसली. "गेनाऊ, हेर माने," बरोबर आहे, एवढंच म्हणाल्या.

मला त्या क्षणी बाकाखालचे कागद आठवले. या खेपेला टाकणारा मी होतो.

दुसऱ्या आठवड्याची पाळी त्यांची. पाटी त्यांच्या दारावर मी अडकवली, पण दार वाजवून माफी मागायची हिंमत झाली नाही. आजवर झाली नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. पुढं शालन, माझी बायको, इथं आली. तिलाही शेगडी त्यांनीच शिकवली. आमची मुलगी चिमी त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणते आणि मी मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते. आता फ्राऊ ब्रेंडलेंचे गुडघे गेलेत. त्यांचाही आठवडा मीच करतो. शालन म्हणते, "अहो, किती मनापासून करता हो त्यांचं!" मी बादलीत बघत राहतो. ही काही फेड नव्हे. हे नुसतं तोंड चुकवणं आहे.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी कोल्हापूर हा शब्द आपोआप तोंडात यायचा. आता आधी या पायऱ्या आठवतात. चौदावी सैल आहे, तिथं ब्रश हलका धरावा लागतो. हे छापून आलं तर कुणीतरी आईला वाचून दाखवेल. आई, मी आता विचारणाऱ्याला तू शाळेत काय करायचीस तेच सांगणार आहे. रागावू नकोस.

देशपांडे पुण्याला परतलेत. पुढंमागं पत्नीला घेऊन येणार म्हणतात. पत्र 'मानेसाहेब' यांनाच आलंय. कधी, ते ठरलेलं नाही. पण ज्या दिवशी येतील तो शनिवार असेल, एवढं मी बघेन. फ्राऊ ब्रेंडले आमच्या घरात खुर्चीवर बसलेल्या असतील, आमच्या चांगल्या बश्या त्यांच्यासमोर असतील. मी वरून खाली पुसत असेन आणि पाहुणे मला जिन्यातच भेटतील. मी उठणार नाही. त्या जेवणाच्या शनिवारी मी खोटं काय बोललो ते आधी त्यांना मराठीत सांगेन, मग वर जाऊन तुम्हाला, फ्राऊ ब्रेंडले, तुमच्या भाषेत. तुमचं एवढं मी एक दिवस नक्की फेडीन.