मामीच्या पसंतीचा आजार

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पलूसचा माझा मामा पलटणीतून पेन्शनीवर आला तो एचआयव्ही घेऊनच. घरात तो शब्द कुणी काढत नसे, तरी गावाला सुगावा लागलाच. मामीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया दारातूनच वाण घेऊन पळायच्या. चहाला तर कुणी शिवायचंच नाही. मामीला आजारापेक्षा तेच जास्त लागलं. मला गावाचा असा संताप यायचा, की विचारू नका.

एकदा विश्रामबागेत डॉक्टरांकडे मी दोघांसोबत गेले होते. त्यांनी मामाचा ईसीजी काढला नि म्हणाले, "या विषाणूनं रक्तवाहिन्या सुजतात, त्यात नव्या औषधांनी रक्तातली चरबी वाढते. आज हृदय ठणठणीत आहे, पण पुढे धोका आहे. विडी बंद, तूप कमी, रोज चालायचं."

मामीचा चेहरा उजळला. "म्हंजे हार्ट! आवं डॉक्टर, हार्टच नव्हं?"

"धोका आहे म्हणालो, बाई."

मामी कसली ऐकते! हार्ट म्हणजे साहेबलोकांचा, चारचौघांत सांगण्याजोगा आजार. पलूस येईस्तोवर तिनं अर्ध्या एसटीला सांगून टाकलं. मग काय, घरी माणसांची रीघ. मामी ईसीजीचा कागद नाचवायची, तोही बहुतेकदा उलटा. म्हातारे चष्मा सावरून बघायचे आणि हळहळायचे, "लय बेक्कार रेघा हायत गड्या!" अहो, तो ईसीजी अगदी नॉर्मल होता! आणि मंडळी चहा बशीत ओतून फुर्रफुर्र पीत होती. मामी आधणावर आधण ठेवत होती, मी हसून बेजार.

शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र खरोखरच झटका येऊन गेलेला. त्यानं मामाला रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालवायचा चंगच बांधला. एक दिवस मीही मागं होते. मामा मध्येच थांबला.

"काका, खोटं न्हाई बोलवत. माजं हार्ट बरं हाय. मला ते दुसरं हाय."

"समद्या गावाला ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "पर त्या आजाराला भेटाय कसं यायचं, काय बोलायचं, ते कुणाला कळंना. हार्टाचं कळतं. चल, पाय उचल."

मामा तिथंच उभा राहून हमसाहमशी रडला. म्हाताऱ्यानं त्याच्या कानावरची विडी काढून कॅनॉलात भिरकावली, आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं त्याचं तोंड खसाखसा पुसलं आणि त्याच टॉवेलनं मग स्वतःचा घाम पुसत पुढं निघाला.