सरांनी "बसा" म्हणेपर्यंत

आमची सूनबाई तत्त्वज्ञान परिषदेची कार्यवाह आहे. कार्यवाह म्हणजे काय, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, परिषदेत सगळे विचार करतात. जी कामं करते ती कार्यवाह." तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पाणी प्यायला आत निघून गेला. पण खोटं काय बोलला तो?

वर्षातून एकदा परिषदेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते आणि मी न चुकता जातो. सभासद नाही मी. गावच्या शाळेने जेवढं पदरात टाकलं तेवढंच माझं शिक्षण. पण मागच्या भिंतीशी, खिडकीजवळ एक खुर्ची आहे. तिचा एक हात खिळखिळा, म्हणून तिच्यावर कोणी बसत नाही. ती माझी. आमची ही दरवर्षी टोमणा मारते, "तिथे तुमचं काय अडलंय? कळतं तरी का काही?" मी म्हणतो, "कळणारं घरी रोज ऐकतोच की!"

सभा ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरते. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचा जग आणि अध्यक्षांची पितळी घंटी. उंच खिडक्यांना फिकट पिवळे पडदे आहेत. वारा आला की ते फुगतात आणि मग सावकाश परत बसतात. दालन झोपेत श्वास घेतंय असं वाटतं. जुन्या पुस्तकांचा वास, उन्हात तरंगणारी धूळ आणि कानावर ते शब्द : सूचक, अनुमोदक, इतिवृत्त कायम करणे, आयत्या वेळचे विषय. ऐकता ऐकता मी अर्धा जागा, अर्धा कुठेतरी असतो. फार बरं वाटतं.

एका वर्षीची गंमत सांगतो. पुरेसे सभासद जमले नाहीत. अशा वेळी नियम असा, की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी पुन्हा भरवायची. मग कितीही डोकी असोत, चालतं. दुसरीकडे कुठेही माणसं त्या अर्ध्या तासात पाय मोकळे करून येतात. इथे एकाने विचारलं, "तहकूब झालेली सभा या मधल्या वेळात असते कुठे?" झालं! असा वाद पेटला की अर्धा तास कधीच मागे पडला, आणि दोन्ही बाजू दमून घरी गेल्या तेव्हा भरवायला सभाच उरली नाही. परतताना बसमध्ये सूनबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

परिषदेचे अध्यक्ष म्हणजे सूनबाईचे सर. कॉलेजात तिला त्यांनीच शिकवलेलं. आवाज मऊ, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि समोरचा कितीही वेडंवाकडं बोलला तरी "असंही बघता येईल" म्हणायची सवय. अलीकडे मात्र त्यांना विसर पडायला लागला होता. सभेची तयारी करायला आमच्याकडे आले की जाताना माझ्या चपला घालून जायचे. दोनदा झालं तसं. तिसऱ्यांदा मीच त्यांच्या घालून फेरफटका मारून आलो. म्हटलं, हिशेब बरोबर.

हे सगळ्यांनाच गोड वाटत होतं असं नाही. परिषदेत एक तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. सभेत कोणी तोंड उघडलं की यांचं बोट वर. "हरकतीचा मुद्दा!" एकदा आभारप्रदर्शनालाही हरकत घेतली होती त्यांनी. सगळे त्यांना हरकतवालेच म्हणतात. एका वर्षी सभेआधी ते आमच्या घरी आले, चहाला हात न लावता म्हणाले,

"कार्यवाहबाई, अध्यक्षांना काही आठवत नाही. परिषद अशी चालत नसते. त्यांना पदावरून दूर करायचा ठराव मी लिहून आणलाय."

"सर स्वतःच सोडणार आहेत यंदा," सूनबाई म्हणाली. "शेवटचा विषय तोच ठेवलाय. स्वतःच्या तोंडाने सांगतील. तेवढं करू द्या ना त्यांना."

"आणि मधेच सभा त्यांच्या हातून सुटली तर?"

तिने त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "सुटली, तर आयत्या वेळच्या विषयांत तुमचा ठराव घेऊ. मी आडवी येणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि गार चहा एका घोटात संपवला. ते गेल्यावर सूनबाई रिकामा कप हातात घेऊन तशीच उभी. "बाबा, मी वर्गात पहिल्यांदा काही बोलले ना, तेव्हा सगळे हसले होते. सर म्हणाले, थांबा, तिचं पूर्ण होऊ द्या. त्यांनाच आता कोणी मधे थांबवलेलं मला बघवायचं नाही हो."

सभेचा दिवस उजाडला. त्या वर्षी पहिला विषय दुखवट्याचा होता, कारण सरांचा कॉलेजपासूनचा मित्र गेला होता. या दोघांचा एकच वाद जन्मभर चाललेला : कोणी बघत नसताना टेबल असतं की नसतं? सर म्हणायचे असतं, मित्र म्हणायचा कशावरून. दरवर्षी चहाच्या वेळी ते याच टेबलावर हात आपटून भांडायचे आणि जाताना एकाच छत्रीतून जायचे.

सरांनी दुखवट्याचा ठराव छान वाचला, एकदाही अडखळले नाहीत. मग म्हणाले, "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया."

सगळे उठले. माना खाली, डोळे बंद. मीही उभा राहिलो. रीत अशी, की अध्यक्ष "बसा" म्हणतात आणि मग बसायचं.

दोन मिनिटं झाली असतील. "बसा" काही येईना.

दुसऱ्या एखाद्या सभेत मागून कोणीतरी खाकरलं असतं आणि सगळे धपाधप बसले असते. ही माणसं तशी नव्हेत. प्रत्येकाला वाटत होतं, वेळ आपल्यालाच लांब भासतोय. खरा वेळ अजून व्हायचाय! एकही हलेना. मी एक डोळा किलकिला केला. सर टेबलावर हात टेकून उभे, डोळे मिटलेले, ओठ किंचित हलत होते. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता. सभा सुटली होती हातातून, आणि ते तिलाही कळलं होतं आणि हरकतवाल्यांनाही. त्यांचे डोळे टक्क उघडे. हात खिशावर. बोट अर्धं वर गेलं आणि तिथेच थांबलं, कारण दुखवट्याच्या शांततेत हरकत घ्यायची कशी? तोंड उघडायचीच सोय नाही.

आणि मग, खरं सांगतो, ती शांतता आवडायलाच लागली. पडदा फुगला तो बराच वेळ फुगलेलाच राहिला. ऊन टेबलावरून उतरलं आणि सरकत सरकत तिसऱ्या रांगेतल्या त्या मित्राच्या मोकळ्या खुर्चीवर जाऊन बसलं. मला आमची शाळा आठवली. दुपारी गुरुजींना खुर्चीतच डुलकी लागायची आणि ते जागे होऊ नयेत म्हणून आम्ही सगळी पोरं श्वास धरून बसायचो, इतकी शांत की बाहेर पान पडलेलंही ऐकू यायचं. वाटलं, दालनाचा दोर कोणीतरी सोडलाय आणि आम्ही सगळे, खुर्च्या, पुस्तकं, घंटी, पाण्याचा जग, अलगद कुठेतरी वाहत चाललोय. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई डोळे मिटून हसत होत्या. हरकतवाल्यांनी त्या मोकळ्या खुर्चीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्यांनीही डोळे मिटले आणि खिशावरचा हात खाली आला.

तेवढ्यात सरांचा गुडघा थरथरला.

सूनबाई हलली. घंटी तिच्या हाताशी होती, तिला तिने हात लावला नाही. दंडाला धरून त्यांना बसवलंही नाही. जवळ जाऊन इतकं हळू बोलली, की ऐकायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून मला ऐकू आलं.

"सर, तास संपला."

सरांनी डोळे उघडले. वर्गाकडे बघावं तसं सगळ्यांकडे बघितलं. "हो का? बसा, बसा सगळे."

खुर्च्या वाजल्या. सर मात्र उभेच. "माफ करा हं," ते म्हणाले. "आमचा वाद चालला होता. तो म्हणतो, आता मी दिसत नाही, मग सांग, आहे की नाही? मला उत्तर सुचेपर्यंत वेळ गेला."

मग त्या म्हाताऱ्या बाई खुदकन हसल्या, आणि सगळं दालन डोळे पुसत हसायला लागलं.

हरकतवाले उभे राहिले.

"हरकतीचा मुद्दा!"

सूनबाईने पेन खाली ठेवलं. सर म्हणाले, "बोला."

"पुढचा विषय घ्या. चहा गार होतोय." आणि ते बसले.

पुढचे विषय भराभर उरकले. शेवटी सरांनी स्वतःच सांगितलं, आपण पद सोडतोय म्हणून, आणि नवे अध्यक्ष म्हणून नाव सुचवलं ते हरकतवाल्यांचं. ते ताडकन उठले. "हरकत आहे! मला कोणी विचारलेलं नाही."

"अध्यक्षाला हरकत घेता येत नाही," सर मऊ आवाजात म्हणाले. "म्हणून तर सुचवतोय."

हशाच्या गदारोळात सगळे हात वर गेले. भान विसरून मीही केला. मोजताना मला वगळलं असं सूनबाई म्हणते, पण माझा विश्वास नाही.

चहाच्या वेळी नवे अध्यक्ष माझ्याकडे आले. खिशातला कागद काढला, घडीवर घडी घालून त्याची पाचर केली आणि माझ्या खुर्चीच्या खिळखिळ्या हाताच्या सांध्यात ठोकून बसवली. हलवून बघितलं. "फार दिवस हरकत होती माझी या खुर्चीला," म्हणाले.

पुढच्या वर्षी ती खुर्ची मी सरांना दिली आणि शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "कार्यवाहबाईंचा सासरा." "वा! हुशार मुलगी," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, त्यांना पुन्हा तेवढाच आनंद झाला. मलाही.

तिकडे सूनबाई मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होती. "सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहिली." एक सभासद चाचरत उठला. "दोन मिनिटं? मला तर बराच जास्त वेळ..."

अध्यक्षांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "दोनच होती. इतिवृत्त कायम."

पडदा फुगला, ऊन सरकलं. सर माझ्या कानाशी वाकले. "कोणाची सभा हो ही?"

"तुमचीच, सर."

"असं होय," ते म्हणाले आणि खुर्चीच्या घट्ट हातावर कोपर टेकून डोळे मिटले. "छान चाललीय."