चक्रवाक येतात तेव्हा गावात कोणी नसतं

दिवाळीच्या पणत्या अजून ओट्यावरच होत्या, त्या सकाळी आमच्या गल्लीत ट्रक येऊन थांबला. माझा विष्णूदादा, वहिनी आणि त्यांची श्रुती ऊस तोडायला कोल्हापूरकडे निघाले होते. भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, सगळं वर चढलं. गोधड्यांच्या ढिगावर श्रुतीला बसवलं. तिचं नाव याच वर्षी पहिलीत घातलं होतं. माझीही बॅग भरलेली होती, कारण परभणीच्या होस्टेलवर मला नुकतीच जागा मिळाली होती. आई एकदा ट्रककडे बघायची, एकदा माझ्याकडे. शेवटी मला म्हणाली, "तू तरी मागं बघू नगंस." दादा वरून ओरडला, "पूजे, मॅडम झालीस की आमाला वळख दे." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

हे मी त्या ट्रकमध्ये बसलेल्यांसाठी लिहिते आहे आणि जे दारात उभे राहिले त्यांच्यासाठीही. मला नीट लिहिता येतं की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे चुकलं तर सांगणारं कोणी नाही. पण राग आलाय, आणि तो पोटात ठेवून अभ्यास होत नाही.

दादाला या वर्षी जायचं नव्हतं. श्रुतीची शाळा बुडू द्यायची नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

आमचं गाव राणीसावरगावच्या पुढे, डोंगराच्या कडेला. पावसाळ्यात तिथे एक संस्था आली. गावातल्या पोरापोरींना निसर्ग मार्गदर्शक करायचं, शहरातून पाहुणे येतील, त्यांना माळ आणि तलाव दाखवायचा, जेवण गावातच, कमाई गावातच राहील, असं संस्थेच्या सरांनी देवळाच्या ओसरीवर बसून सांगितलं. दादानं आणि मी नाव दिलं. गल्लीतली बरीच पोरं आली. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरायचा, मग दुर्बीण लावायची, घरट्याजवळ पाहुण्यांना जाऊ द्यायचं नाही, असं सगळं आम्ही शिकलो. पूर्ण बाह्यांचे खाकी टी-शर्ट मिळाले, पाठीवर 'निसर्ग मार्गदर्शक'. संध्याकाळी दादा श्रुतीला पाहुणी करून समोर उभी करायचा आणि घसा खाकरून म्हणायचा, "नमस्कार, आमच्या गावात आपलं स्वागत आहे." वहिनी चुलीपासून म्हणायची, "नुस्तं सागतच करायलाव, पाव्हणीला चा तरी पाजा." चार दिवसांत ते वाक्य श्रुतीलाच पाठ झालं.

एकदा सरांनी चक्रवाकाचं चित्र दाखवलं. नारिंगी-तपकिरी, मोठं देखणं बदक. दिवाळीनंतर थंडीबरोबर येतं, उन्हाळा लागला की परत जातं, पाहुणे मुख्यतः त्यालाच बघायला येतील, असं ते म्हणाले. दादा म्हणाला, "म्हंजे आमच्या उलटं की, सर. ते आले की आमी जातो."

सगळे हसले. सरही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.

मला आज त्या हसण्याचा राग येतो. अख्खी अडचण दादानं एका वाक्यात त्यांच्यासमोर ठेवली होती. त्यांनी ती गंमत म्हणून घेतली.

गणपतीत मुकादम आला. तो दरवर्षी तेव्हाच येतो, ऊसतोडीला माणसं ठरवून जातो. दादा सरांना गाठून म्हणाला, "तारीख सांगू नगा. पर पाव्हणे येनार का न्हाई, तेवढं सांगा. मला त्याला हो का न्हाई बोलायचंय." सर म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे, बघू." मुकादमाची काही प्रक्रिया नसते. दादानं दोन दिवस त्याला टाळलं, मग शब्द दिला. बाकीच्या पोरांनीही दिला.

संक्रांतीनंतर सरांचा फोन आला. मी होस्टेलच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "पूजा, पाहुणे ठरलेत. तुझ्याशिवाय कोणीच मिळेना. इतकं शिकवलं, पण या पोरांमध्ये चिकाटीच नाही." माझ्या मनात किती तरी आलं. तोंडातून "येते, सर" एवढंच निघालं. मग ते म्हणाले, "गल्लीतून नेऊ नकोस हं, बाहेरून थेट तलावावर ने. बंद घरं बघून लोकांचा मूड जातो."

मी गल्लीतूनच नेलं.

दारांना कुलपं होती, काही दारांपुढे बाभळीच्या काट्या टाकलेल्या. शेजारचे किसनबाबा ओट्यावर ऊन खात बसले होते.

"कोन पायजे?"

"पाहुणे आहेत, बाबा. गाव बघायला आलेत."

"गाव उसाला गेलंय. पाडव्याच्या फुडं या म्हनावं, समदे घावतील."

एका बाईंनी मला हळूच विचारलं, "तेव्हा पक्षी असतात का?"

"नसतात," मी म्हणाले. दादाच्या बंद खोलीसमोर थांबून त्यांना सांगितलं, की हे काम माझ्या भावालाही शिकवलंय, त्याला कोणी वेळेवर बोलावलं नाही. तलावावर चक्रवाक होते, गाळात ऊन घेत. पाहुणे खूश झाले.

परतताना सर गाडीजवळ म्हणाले, "ते सगळं त्यांना कशाला सांगितलंस?"

मी म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी पाहुणे येणार का, ते गणपतीच्या आधी सांगा. नाहीतर मीही येणार नाही."

"इतक्या आधी कसं ठरवणार?"

"मुकादम ठरवतो, सर."

ते घड्याळात बघून गाडीत बसले.

परभणीत कोणी घर विचारलं की मी गावाचं नाव सांगते. पण घर म्हणजे माझ्यासाठी आता जागा राहिली नाही. दादा, वहिनी, श्रुती, आई आणि ते पक्षी, हे सगळे एकाच वेळी तिथे असतील तो दिवस म्हणजे घर. तसा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला. अंगात तोच खाकी टी-शर्ट. "पूर्ण बाह्या हायेत, उसाच्या पाचटानं हात कापत न्हाईत," म्हणाला. मग थांबून विचारलं, "बदकं आली का गं?"

"आली."

"पाव्हण्यांला आवडली?"

मी हो म्हणाले. त्यानं फोन श्रुतीकडे फिरवला. ती पाचटाच्या कोपीच्या, त्यांच्या तिथल्या झोपडीच्या, दारात उभी होती. मला बघून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार, आमच्या गावात आपलं स्वागत आहे."

तिच्या मागे परक्याचा ऊस उभा होता.